सानपांच्या घरची गर्जे

खिडकीतून मॅडमनी “सानप” अशी हाक मारली आणि दोन हात एकदमच आत शिरले. एक सुकन्याचा होता. दुसरा कुणाचा ते तिला दिसलं नाही, पण त्या हाताला आल्या-लिंबाचा वास येत होता. दोघांनी हात मागे घेतले, मग पुन्हा एकदमच पुढे केले. शिष्यवृत्तीच्या रांगेत सकाळपासून ताटकळलेल्या पोरापोरींना तेवढंच हसायला निमित्त मिळालं.

मॅडमना हसायला सवड नव्हती. त्यांनी आधी मुलाचा कागद परत दिला. सानप आदिनाथ, फोटो आडवा चढलाय, नीट करून आण. मग सुकन्याचा कागद हातात घेऊन त्या जरा थांबल्या.

“शाळेच्या दाखल्यावर सुकन्या गहिनीनाथ सानप. आधारवर सुकन्या अजिनाथ गर्जे. जन्माचा दाखला तर नाहीच. तू नक्की कोणाची ग?”

“दोघांची,” सुकन्या म्हणाली.

“संगणकाला दोन बाप चालत नाहीत. नाव दुरुस्त करून आण, मग अर्ज घेईन.”

सुकन्या पायऱ्या उतरून खाली आली तर तो आडव्या फोटोवाला मुलगा मागोमाग आला. उंच, सावळा, आणि चेहऱ्यावर काही लपवायची कला नसलेला. त्यानं विचारलं, “ऐकलं ते खरं हाय का? तुमी सानप न्हाई?”

“कागदावर हाय. जन्मानं गर्जे.”

“लई बरं झालं.”

“काय बरं झालं? माझी शिष्यवृत्ती अडकली.”

“न्हाई, म्हंजे… ते वाईटच झालं,” तो गडबडला. “पण सानप न्हाई ते… ते बरं झालं.” आणि तो फोटो सरळ करायला निघून गेला.

एका आडनावाची माणसं म्हणजे भावकी, आणि भावकीतली मुलं-मुली म्हणजे भाऊबहीण. त्यांच्यात सोयरीक होत नाही. सुकन्याला त्याचं बोलणं वसतिगृहाच्या दारात पोचल्यावर कळलं आणि ती एकटीच हसली. अर्ज परत आलेल्या दिवशी माणसाला हसू येतं हे तिलाही नवीनच होतं.

आता हे दोन बाप कुठून आले ते सांगायला हवं. सुकन्याचे आईवडील, पुष्पावती आणि अजिनाथ गर्जे, ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरायचा आणि कारखान्याचं धुराडं थंड होईपर्यंत तिकडेच राहायचं. सुकन्या जन्मली ती कर्नाटकातल्या एका फडावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. तिथल्या ग्रामपंचायतीला वाटलं ही माणसं महाराष्ट्रातली. इथल्या ग्रामपंचायतीला पोर झाल्याचं कळलंच नाही. बाळंतपणाचा आठवडा उलटायच्या आत जी बाई मोळ्या बांधायला उभी राहते तिला नोंदीचं कुठून सुचणार?

शाळेचं वय झालं तसं आईनं तिला जामखेडच्या पुढं डोंगराच्या अंगाला असलेल्या आपल्या माहेरी ठेवलं. तिथं गहिनीनाथमामा आणि रंगुबाईमामी. त्यांना मूलबाळ नव्हतं. शाळेत गुरुजींनी विचारलं, बापाचं नाव काय लिहू? मामा म्हणाला, माझंच लिवा, पोरगी माझीच हाय. गुरुजींनी लिहिलं. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती, तेव्हा निम्म्या वर्गाची होती तीच एक जून तिचीही टाकली. यात कुणाला खोटं वागल्यासारखं वाटलं नाही. ज्याच्या चुलीवरची भाकरी पोर खातं, त्याचं नाव त्याला लागतं, इतकं साधं गणित होतं. अशी चूक माया लावणारी माणसंच करू जाणोत. पुढे आधार कार्ड काढलं ते आईनं, त्यावर खऱ्या बापाचं नाव लागलं. पण बारावी होऊन पोरगी नगरला बी.एस्सी.ला आली आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं.

कारण शिष्यवृत्ती नाही तर वसतिगृह नाही, आणि वसतिगृह नाही तर सुकन्या घरी. घरी म्हणजे यंदाच्या हंगामाला फडावर. तेही एकटीनं जमत नाही. तोडीवर एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. म्हणजे आधी लग्न. आईनं हे धमकी म्हणून सांगितलं नव्हतं, पावसापाण्याचं सांगावं तसं सांगितलं होतं. जमलं तर शीक बाई, न्हाई जमलं तर तुळशीचं लगीन लागलं की तुझं लावू. आईला दुसरा रस्ता ठाऊक नव्हता, आणि सुकन्याला तो एक रस्ता सोडून कुठलाही चालणार होता.

आदिनाथ सानप हा मदतीला धावणारा आणि धावता धावता ठेचाळणारा मुलगा होता. फोटो सरळ झाल्यामुळे त्याचा स्वतःचा अर्ज मार्गी लागला होता. आता त्यानं सुकन्यासाठी शिष्यवृत्त्या शोधायचा सपाटा लावला. वर्तमानपत्रातली कात्रणं काय, मोबाईलवरच्या जाहिराती काय, रोज एक नवी. एकदा तर त्यानं मच्छीमारांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती आणली. तिनं विचारलं, आपल्या जिल्ह्यात समुद्र कुठं हाय? तर म्हणाला, मुळा धरण हाय की. एक परदेशी शिकणाऱ्यांसाठी होती. तिच्यावर त्याचं म्हणणं असं, की तू जन्मलीसच परराज्यात, निम्मं काम झाल्यालं हाय.

एक संस्था मात्र खरंच बरी निघाली. तिथल्या बाईंनी सुकन्याचे गुण पाहिले, तासभर बोलून घेतलं, चहा दिला. मग म्हणाल्या, फक्त वडिलांच्या उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आणून दे. म्हणजे पुन्हा तेच. कुठलाही रस्ता धरला तरी तो त्या दोन नावांपाशी येऊन उभा राहायचा.

वर्गाला यातलं काही ठाऊक नव्हतं. हजेरीत ‘सानप आदिनाथ’ आणि लगेच ‘सानप सुकन्या’, दोघं कायम बरोबर, म्हणजे बहीणभाऊच. राखीपौर्णिमा जवळ आली तशी सुकन्याची खोलीतली मैत्रीण निकिता तिला बाजारात घेऊन गेली आणि भावासाठी राखी निवडायला लागली. सुकन्या आज नको, उद्या बघू म्हणत राहिली. राखीपौर्णिमेला आदिनाथ कॉलेजला आलाच नाही. दुसऱ्या दिवशी उगवला तो हात पाठीमागे बांधून.

“काल कुठं हुतास?” तिनं विचारलं.

“आजारी हुतो.”

“काय झाल्तं?”

“मनगट दुखत हुतं.”

“दोन्ही?”

“दोन्ही… लई दुखत हुती,” तो म्हणाला आणि दोन्ही कान लाल करून फळ्याकडे बघत बसला. सुकन्यानं वही उघडली. त्या तासाला काय शिकवलं ते तिला आजही सांगता येणार नाही.

नाव दुरुस्त करायचं तर चौकशी कुठून सुरू करायची हे विचारायला आदिनाथ तिला एका शनिवारी शिक्षण खात्याच्या कार्यालयात घेऊन गेला. फाटकाला कुलूप. सरकारी कचेऱ्यांना शनिवारची सुट्टी असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण आदिनाथच्या घरी शनिवार म्हणजे आठवड्यातला सगळ्यात मोठा कामाचा दिवस. त्याचे वडील मूळचे पाथर्डीकडचे; त्यांनी शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर रसवंती टाकली होती. शनिवारी तिथं गाड्यांची रीघ लागते. सगळं जग शनिवारी धावतं, अशी त्याची लहानपणापासूनची समजूत. आता आलोच आहोत तर चल रस प्यायला, असं म्हणून त्यानं आपलं अज्ञान झाकायचा प्रयत्न केला. ती गेली.

उसाचा रस सुकन्यानं आजवर कधी विकत घेतला नव्हता. ज्या घरात ऊस म्हणजे आईच्या तळहाताच्या चिरा, तिथं त्याचं कौतुक नसतं. पण आदिनाथनं आलं-लिंबू टाकून पेला पुढं केला आणि ती पीत असताना तो इतका जीव मुठीत धरून बघत होता, की तिला चांगलाय म्हणावंच लागलं. चांगला होताही.

त्याची आई हात पुसत आली. कॉलेजातली सानपांची पोर ती हीच का, कुठले सानप, असं तिनं विचारलं. “गर्जे, आई,” आदिनाथ म्हणाला. आई म्हणाली, तू तर सानप म्हणत हुतास. “गर्जे हाय ती. अजिनाथ गर्जे यांची. गर्जे.” आईनं मुलाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि सुकन्याला दुसरा पेला दिला.

मागे त्यांचं घर होतं. शिंगणापूरच्या रीतीप्रमाणे चौकटीला दार नव्हतं, नुसता पडदा वाऱ्यानं हलत होता. आदिनाथ अभिमानानं म्हणाला, की आमच्याकडं दार लावत न्हाईत, देव राखतो.

“आमच्या कोपीला पन दार नसतं,” सुकन्या म्हणाली. “आमच्याकडं चोरायलाच काय नसतं.”

तो हसला नाही. तिला तेच आवडलं. तिनं मग त्याला फडावरच्या पहाटेचं सांगितलं, धुक्यात पेटलेल्या चुलींचं, आणि सुट्टीत आईकडे गेल्यावर परत मामाकडे यायला ती कशी रडायची आणि मामाकडून आईकडे जातानाही कशी रडायची, तेही सांगितलं. हे तिनं निकितालाही कधी सांगितलं नव्हतं. रस्त्यावरून गाड्यांमागून गाड्या जात होत्या, घाणा फिरत होता, आणि आपण या मुलाच्या प्रेमात पडलो आहोत हे तिला तिथं, त्या बाकड्यावर, अगदी स्वच्छ कळलं. कळलं म्हणून ती घाबरली नाही. घाबरायला दुसऱ्या गोष्टी पुष्कळ होत्या.

सोमवारी कार्यालय उघडं होतं आणि तिथल्या साहेबांनी नीट समजावून सांगितलं. तहसीलला प्रतिज्ञापत्र, ते शाळेला द्यायचं, शाळा पुढे प्रस्ताव पाठवते. पण प्रतिज्ञापत्र त्याचं लागेल ज्याचं नाव रजिस्टरात बाप म्हणून आहे. त्यानं लिहून द्यायचं, की ही माझी मुलगी नाही.

बाहेर आल्यावर आदिनाथ खुशीत होता. एक सही तर हवी, उद्याच जामखेडला जाऊ, असं त्याचं चाललं होतं. सुकन्या रस्त्यातच उभी राहिली.

“तुझ्या बापाला कुनी म्हणलं, लिहून दे, हा माझा पोरगा न्हाई… तर देतील?”

आदिनाथनं नकारार्थी मान हलवली.

“एक सही म्हणू नको,” ती म्हणाली. “मला फडावर जायचं न्हाई. पन हे मामाला मागायला माझं तोंड हुत न्हाई.”

आठवडा तसाच गेला. अर्जाची मुदत एकदा वाढली, ती काही पुन्हा पुन्हा वाढणार नव्हती. आईचा फोन आला, की टोळ्या ठरवायला मुकादम यायला लागलेत, काय ठरलं? बोलताना आई एका मुलाचं नाव सहज घेऊन गेली, पाटोद्याकडचा, निर्व्यसनी. त्याच संध्याकाळी सुकन्या जामखेडच्या एसटीत बसली.

मामीनं पिठलं केलं होतं. सुकन्यानं जेवताना सगळं सांगितलं, खाली मान घालून, कुठंही न थांबता. मामाचा घास हातातच राहिला.

“म्हंजे मी लिवून द्यायचं,” तो म्हणाला, “की तू माझी न्हाईस.”

सुकन्यानं मान आणखी खाली घातली. मामीच म्हणाली, की पोरीच्या शिकण्याचं हाय, तुमी मनाला लावून घेऊ नका. मामा उठून अंगणात गेला. सकाळी मात्र तो धुतलेला पायजमा आणि टोपी घालून तयार होता. त्यानं एसटीचं जामखेडचं तिकीट काढलं आणि तिला खिडकीशी बसवलं.

तिनं फोनवर कळवल्यामुळे तहसीलच्या आवारात आदिनाथ वडिलांची मोटारसायकल घेऊन हजर होता. त्यानं टायपिस्टकडून मसुदा तयार करून ठेवला होता. मामानं वाचून दाखवायला सांगितलं. टायपिस्ट घडाघडा वाचू लागला: सदर कुमारी सुकन्या ही माझी मुलगी नसून तिचे पितृत्वाशी माझा कोणताही संबंध नाही…

“हे खोटं हाय,” मामा म्हणाला. त्यानं कागद टेबलावर ठेवला आणि तो पायरीवर जाऊन बसला.

सुकन्याला त्याच्याकडे जाववेना. सही नाही झाली तर काय, हे तिला पाठ होतं. पण मामा म्हणाला तेही खरंच होतं. त्याचा संबंध नाही असं म्हणायला तिची जीभही वळली नसती. आत नायब तहसीलदार जेवायला उठायच्या बेतात होते.

आदिनाथ मामाशेजारी पायरीवर बसला. यावेळी तो धावला नाही की त्यानं शहाणपणाचं काही सांगितलं नाही. “मामा, चूक माझी झाली,” तो म्हणाला. “मी साऱ्यांचा असतो तसा मजकूर घेतला. तुमी खरं काय ते सांगा. तसंच लिहून घेऊ.”

मामानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग बोलायला लागला तो थांबेना. आदिनाथनं ऐकून घेतलं, टायपिस्टजवळ जाऊन सांगितलं, आणि नवा कागद तयार झाला. सुकन्या ही माझी सख्खी बहीण पुष्पावती व तिचे पती अजिनाथ गर्जे यांची मुलगी असून ती माझी भाची आहे. ते ऊसतोडीस जात असल्याने मी व माझी पत्नी रंगुबाई यांनी तिला पोटच्या मुलीप्रमाणे वाढविले. शाळेत घालते वेळी मी मायेपोटी तिला माझे नाव लावले. टायपिस्टचं म्हणणं पडलं, की मायेपोटी हा शब्द अशा कागदात नसतो. आदिनाथ म्हणाला, असू द्या.

नायब तहसीलदारांनी कागद वाचला, परत वाचला. खरा बाप कोण ते स्पष्ट होतंय, चालेल, म्हणाले. मामानं सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली. मग डोळे पुसले, तेही सगळ्यांदेखत, आणि सुकन्याच्या डोक्यावर हात ठेवला. सुकन्या रडत होती. टायपिस्टनं दुसरा कागद यंत्रात घातला.

बाहेर चहा घेताना मामानं पहिल्यांदाच त्या मुलाकडे नीट पाहिलं आणि नाव विचारलं.

“आदिनाथ… सानप.”

“सानप?” मामानं कपबशी खाली ठेवली. “म्हंजे मघापतुर तुमी दोघं भाऊबहीण हुता.”

“कागदावर,” आदिनाथ म्हणाला.

“अन् आता ती सानपांची भाची झाली. सानपांच्या घरात भाची सून म्हणून चालती. तसा रिवाजच हाय.” मामा चहा प्यायला, बशी पालथी केली. “लई खटपट केलीस पोरा. मला वाटलं, निसत्या शिक्षणासाठी.”

आदिनाथला ठसका लागला. सुकन्यानं त्याला पाणी दिलं. मामा उठताना एवढंच म्हणाला, की आधी शिकू द्या तिला, बाकी मग बघू.

शाळेचा नवा दाखला दिवाळीच्या तोंडावर आला. त्याच्या जोरावर बाकीचे दाखले निघाले आणि मुदत संपायच्या आत अर्ज गेला. तुळशीचं लग्न लागलं आणि त्याच आठवड्यात आईवडील सुकन्याला मागे ठेवून फडावर गेले. ट्रॉलीत बसताना आईनं तिला जवळ घेतलं आणि शीक, म्हणाली. यावेळी त्याला जोडून दुसरं काही नव्हतं. शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचा संदेश आला तेव्हा सुकन्या प्रयोगशाळेत होती. तिनं तो आधी मामीला वाचून दाखवला, मग आदिनाथला.

हजेरीत सरांनी पहिल्यांदा ‘गर्जे सुकन्या’ पुकारलं तेव्हा कुणीच ओ दिली नाही. सरांनी पुन्हा पुकारलं. मग ती दचकून उठली आणि वर्ग हसला. तास संपल्यावर ती व्हरांड्यात येऊन उभी राहिली. बाहेर अवकाळी पावसाचे चार थेंब पडत होते, धूळ बसेल इतकेही नाहीत. आदिनाथ शेजारी आला.

“वाईट वाटतंय?”

“वाटतंय,” ती म्हणाली. “पहिलीपासून सानप लिहिलं. मामाचं नाव पुसल्यावानी वाटतंय.”

तो कठड्याला टेकला. “जिल्ह्याचं नाव बदललं तरी मानसं अजून नगरच म्हणत्यात… आन् सानप परत मिळवायचा एक रस्ता मला ठाऊक हाय. शिक्षण झाल्यावरचा. कार्यालयात जावं लागतं, पन… मंगल कार्यालयात.”

हे वाक्य त्यानं किती दिवस घोकलं असेल ते त्याच्या कानांवरून कळत होतं. सुकन्या हसली. मग हसू आवरून तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं.

“मला तू पाहिजेस, आदिनाथ. त्या बाकड्यावर बसून रस प्याले ना, तवापासनं. ते आज सांगते.”

“मग…”

“पन नाव न्हाई पाहिजे. गर्जे व्हायला माझ्या मामाला काय लिहून द्यावं लागलं ते तू बघितलंस. माझ्या आईबापाचं नाव मला आत्ता कुठं मिळालंय. ते मी लगीन झाल्यावरबी सोडनार न्हाई. मानूस घेईन, आडनाव न्हाई. चालतंय का बघ.”

आदिनाथनं डोकं खाजवलं. “आईला सांगावं लागंल,” तो म्हणाला.

“काय सांगशील?”

“की सून गर्जे हाय… आन् गर्जेच ऱ्हानार.” मग त्यानं जरा विचार केला. “तिला म्या चारदा सांगितलंय तसंबी.”

सुकन्यानं त्याचा हात धरला. पुढच्या तासाची घंटा होऊन गेली होती, म्हणून दोघं तसेच भराभर चालत वर्गाकडे निघाले.